लेथ : जुने यंत्र, नवा शिकाऊ

कलाशाखेच्या वार्षिक अंकात लोखंड कातण्याच्या यंत्रावर लेख कशाला, असा प्रश्न संपादक मंडळातील एका मित्राने मला विचारला. मी म्हटले, कुंभाराचे चाक संतांच्या अभंगांत चालते, आपल्या कवितांत चालते. मग त्याच चाकाचा उभा आस आडवा झाला आणि मातीऐवजी लोखंड फिरू लागले, की ते एकदम विज्ञानशाखेच्या ताब्यात का जावे? उत्तर त्याला पटले की पाने भरायची होती, कोण जाणे. लेख मात्र त्याने मागून घेतला.

बहुतेक यंत्रांत हत्यार फिरते आणि काम स्थिर असते. लेथमध्ये उलट. काम फिरते आणि हत्यार त्याच्या कडेने सरळ रेषेत सरकत त्याची साल काढत जाते. घरातले लाटणे, मुलांचा भोवरा, पलंगाचे खूर ही सारी कातकामाचीच लेकरे. लाकूड कातणारा तो कातारी. हिंदीच्या शेजारामुळे या यंत्राला 'खराद' म्हणणारे जुने लोकही आमच्याकडे आढळतात.

लाकूड कातताना कारागीर पटाशी हातात धरतो. लोखंडापुढे हात टिकत नाही; तो थरथरतो, दमतो. म्हणून हत्यार हातातून काढून एका सरकत्या घोडीवर घट्ट बसवायचे, ही युक्ती निघाली. फ्रान्समध्ये व्होकांसाँ याने १७५१ च्या सुमारास असा लेथ केला होता. पुढे १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने बिडाचा भक्कम पाया, सरकती घोडी आणि आटे पाडण्यासाठी एक लांब अचूक स्क्रू या तिन्हींची सांगड घातली. आजचा साधा लेथ मूळ कल्पनेत तोच आहे. यातली खरी गंमत अशी, की लेथ कामाला जे देतो ते स्वतःजवळचेच देतो. बेड सरळ असेल तर काम सरळ होते आणि त्याच्या लांब स्क्रूचे आटे जितके नेमके, तितके नव्या आट्यांत उतरतात. आईबापांचे गुण मुलांत उतरावेत तसे हे आहे. आणि अर्थात अवगुणही. जुना लेथ हाती घेणाऱ्याची सारी कसोटी या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

आपल्या महाराष्ट्रात लेथ म्हटले की किर्लोस्करांचे नाव निघते, आणि तेथे आपल्या कलाशाखेला थोडी कॉलर ताठ करायला जागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईला गेले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आढळला, रंगकाम सुटले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तोच विषय शिकवला. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. त्या कारखान्याच्या पोटी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' जन्माला आली, तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, मागून 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) आली. मराठीच्या वर्गात आपण या मासिकांची नावे पाठ करतो; ती नांगराच्या कारखान्यातून निघाली हे सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, किर्लोस्करांनी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढून लेथ बनवण्याचे काम हाती घेतले. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. हरिहरचा तो कारखाना आता चालू नाही, पण त्याचे लेथ अजून पुष्कळ ठिकाणी फिरताना दिसतात.

आमच्या घरचा लेथ याहून खूपच लहान. माझे आबाजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. शाफ्ट, पुल्या, पट्टे यांत त्यांचे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी हा टेबलावरचा लेथ कुठून तरी जुना आणला. ते गेल्यावर वीस वर्षे तो गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली पडून होता. मागच्या उन्हाळ्यात बागेतील ठिबकच्या नळ्यांना जागा हवी म्हणून भंगारवाल्याला बोलावले गेले. वजन सव्वाशे किलोच्या घरात, भाव किलोवर. मी मध्ये पडलो. बाबांनी मुदत दिली ती मृग बहाराच्या फवारणीपर्यंत : तोवर यंत्र काही उपयोगाचे काम करून दाखवील तर राहील, नाही तर जाईल. मुदत तोंडी होती, पण बाबांचा शब्द मी ओळखून आहे.

नावाची पट्टी नव्हती, पण यंत्राचा जन्मदाखला त्याच्या आट्यांत असतो. बोल्टच्या आट्यांचा कोन गेज लावून पाहिला तर ५५ अंश भरला. म्हणजे १८४१ साली व्हिटवर्थने सुचवलेले विलायती प्रमाण. अमेरिकन असता तर ६० अंश भरला असता. लांब स्क्रूला इंचात ८ आटे. बेड वरून सपाट. पुली तीन पायऱ्यांची, रुंद चामडी पट्ट्यासाठी. एवढ्यावरून हा लेथ बहुधा इंग्लंडचा किंवा तिकडच्या नमुन्यावर बनलेला, आणि व्ही-पट्टे सर्रास होण्यापूर्वीचा, असा तर्क निघाला. इंग्लंडमध्ये घरच्या खोलीत लेथ ठेवून छोटी वाफेची इंजिने बनवण्याचा छंद फार जुना आहे. 'मॉडेल इंजिनिअर' हे त्या छंदाचे नियतकालिक १८९८ पासूनचे. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफोर्ड कंपनीचे छोटे लेथ तर या मंडळींचे लाडके. तो कारखाना २०११ साली बंद झाला. आपल्याकडे असा छंद करणारे थोडे. आपला लेथ पोटापाण्याचा.

गुरू मिळाले ते आबाजींच्या ओळखीचे एक निवृत्त मिस्त्रीकाका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मायक्रोमीटर मी वाचायचा आणि निदान त्यांनी करायचे, अशी वाटणी झाली. पहिल्या दिवशी त्यांनी बेडवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाबू, गंज निंगते. झीज निंगत नाही. दोन्हींत गल्लत नोको करू." जुने यंत्र उघडताना यापेक्षा उपयोगी वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही.

गंज काढण्याचे सांगतो, पण थोडक्यात. प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी फोटो, प्रत्येक स्क्रू वेगळ्या डबीत. तेल-धूळ वाळून झालेले काळे किटण रॉकेलने सुटते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा खरवडून धूळ उडवायची नाही. सरकत्या पृष्ठांवर जाड एमरी पेपर अजिबात लावायचा नाही. त्याचे कण बिडात रुततात आणि मग यंत्र स्वतःलाच घासत राहते. तेथे तेल आणि पितळी तारेचा ब्रश, एवढेच. लहान भागांसाठी विजेची रीत छान आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, त्यात गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला जोडायचा, दोन्ही एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत. सकाळपर्यंत गंजाचा काळा चिखल होऊन तो पुसला जातो, आणि खालचे चांगले लोखंड शाबूत राहते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचे. टाकाऊ पत्रा स्टेनलेस स्टीलचा नसावा. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

आता झीज. येथे मात्र थोडे थांबावे लागेल, कारण लेथ वाचला तो येथेच.

लेथवरची बहुतेक कामे आखूड असतात, म्हणून घोडी आयुष्यभर चकाजवळच पुढे-मागे होते आणि बेड तेथेच जास्त झिजतो. याची परीक्षा सोपी आहे. घोडीच्या बाजूला गिब नावाची एक पट्टी असते, तिचे स्क्रू आवळून घोडी चकाजवळ बेताची घट्ट करायची आणि मग दुसऱ्या टोकाकडे न्यायची. आमची अर्ध्या वाटेत अडली. कारण उघड आहे. तिकडचा बेड कोरा, जाड. सरळपट्टी आणि फीलर गेज लावून मोजले तर चकाजवळ बेडचा वरचा भाग ०.०८ मिलिमीटर खाली गेला होता. वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीएवढे म्हणा. ज्या यंत्राकडून शतांश मिलिमीटरची अपेक्षा, त्याच्या पायातच आठ शतांश खड्डा! बाबांना हा आकडा कळू न देण्याचे मी ठरवले होते.

मिस्त्रीकाकांनी मात्र विचारले, "झीज कुठून हाय? वरून का बाजूनं?" या प्रश्नाचा अर्थ समजायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. कागदावर एक वर्तुळ काढा आणि मधून आडवी रेघ मारा. हत्याराचे टोक या रेघेवर वर्तुळाला टेकलेले आहे. बेड वरून झिजला तर टोक थोडे खाली सरकेल, पण तेथे वर्तुळाची कड जवळजवळ उभीच असल्यामुळे टोक तिच्या बाजूनेच खाली उतरते, केंद्रापासून फारसे दूर जात नाही. २५ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर टोक ०.०८ ने उतरले, तर गणिताने व्यासात पडणारा फरक मिलिमीटरचा दोनहजारावा भाग, म्हणजे ०.०००५ येतो. तो आमच्या मायक्रोमीटरलाही दिसणार नाही. पण तेवढेच टोक बाजूने, कामापासून दूर सरकले तर व्यासात सरळ दुप्पट, ०.१६ ची चूक पडते. झीज तीच, आकडा तोच. एका दिशेने ती जवळजवळ माफ आहे आणि दुसऱ्या दिशेने मुळीच नाही. आमच्या बेडची बाजूची कड तपासली, तेथे झीज ०.०२ निघाली. काका म्हणाले, "मंग मशीन जिती हाय."

नंतर कळले की राहिलेली मोठी चूक झिजेची नव्हतीच. मापाचा एक जाड दांडा चकात धरून, दुसरे टोक मोकळे ठेवून, त्यावर १०० मिलिमीटर अंतराने दोन कडी कातली. दोन्हींचे व्यास मोजले तर ०.०५ चा फरक. खाटेचा एक पाय आखूड असला की वर बसणाऱ्याच्या भाराने चौकट पीळ खाते, तसा ओबडधोबड लाकडी टेबलावर आवळलेला बिडाचा बेड पीळ खातो. बीड ताठ आहे, पण अढळ नाही. एका पायाखाली पत्र्याची पातळ चकती सरकवायची, बोल्ट आवळायचा, पुन्हा कातायचे, पुन्हा मोजायचे. फरक वाढला तर चकती दुसऱ्या पायाखाली. ही तपश्चर्या दोन रविवार चालली आणि फरक ०.०१ वर आला. स्पिंडलच्या गनमेटलच्या बुशात ढिलाई होती, ती बुशाच्या फटीतली एक पट्टी काढून कमी केली. शेवटी मी एक तक्ता करून भिंतीवर चिकटवला. कोणत्या जागी यंत्र किती आणि कोणत्या बाजूला चुकते, याची ती दोषपत्रिका. काकांच्या मते नव्या यंत्राच्या मालकाला हे माहीत नसते, कारण तो विचारतच नाही.

यंत्र शहाणे झाल्यावर माझी पाळी. हत्यार म्हणजे हायस्पीड स्टीलची चौकोनी कांडी. तिला ग्राइंडरवर धार स्वतः लावावी लागते. लोखंडासाठी वरचा उतार हवा, पितळेसाठी वरची बाजू सपाट हवी, नाही तर हत्यार पितळेत घुसते. टोक नेमके केंद्राच्या उंचीवर हवे. ते पाहण्याची काकांची रीत अशी : काम आणि टोक यांच्या मध्ये छोटी स्टीलपट्टी हलकेच दाबायची. पट्टी उभी राहिली तर टोक केंद्रावर, कलली तर वर-खाली. वेगाचे गणित पुस्तकात आहे. साध्या पोलादाचा पृष्ठभाग हत्यारासमोरून मिनिटाला २५ मीटर जावा असे धरले, तर २५ मिलिमीटरच्या दांड्याला मिनिटाला सुमारे ३२० फेरे येतात. काका हे गणित करत नाहीत. ते पाठ करून बसतात आणि आवाज ऐकून सांगतात, "टोक बसलं, धार लाव." मी पाहतो तर धार खरोखर गेलेली असते. संगीताचे मास्तर डोळे मिटून बेसूर पकडतात, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट नवशिक्याने पहिल्याच दिवशी शिकावी. जुन्या लेथच्या हँडलला मोकळी फेरी असते; उलट फिरवले की स्क्रू थोडा फिरतो, पण घोडी जागची हलत नाही. म्हणून माप नेहमी एकाच दिशेने गाठायचे. पुढे गेलात तर चांगले अर्धा फेरा मागे या आणि पुन्हा पुढे चला.

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी एक टीप. मेट्रिक मापे येऊन साठ वर्षे झाली तरी वर्कशॉपात अजून 'सूत' चालतो. इंचाचे आठ सूत. पाऊण इंची शाफ्ट म्हणजे 'सहा सुताची'. ज्या सुतावरून सुतार झाला, तेच सूत लोखंडाच्या कामातही टिकून आहे. आणि इंच व मिलिमीटर यांचे भांडण लेथमध्ये एका गिअरवर मिटते. इंचाच्या स्क्रूवरून मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच २५.४ मिलिमीटरचा, आणि त्याची पाचपट केल्याशिवाय पूर्णांक मिळत नाही. इंचाचे काम त्यामानाने सरळ : स्पिंडलवर ३० दात आणि लांब स्क्रूवर ६० दात लावले की स्क्रू अर्ध्या वेगाने फिरतो आणि इंचात १६ आटे पडतात.

मुदत संपण्याआधी काम आपणहून चालत आले. फवारणीच्या जुन्या पंपाचे बुश झिजले, शाफ्ट खडखडू लागली. त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणे बंद झालेले. गावातले ओळखीचे लेथवाले दुकान बंद करून मुलाकडे गेलेले. नागपूर साठेक किलोमीटर, आणि एका बुशासाठी तिथे कोणी त्याच दिवशी यंत्र मोकळे करत नाही. बाबांनी बुश माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि काही न बोलता निघून गेले.

शाफ्ट मूळची सहा सुताची, झिजून १९.०१ मिलिमीटर राहिली होती. गनमेटलचा दांडा चकात धरला, तोंड सपाट केले, १८ मिलिमीटरचे भोक पाडले आणि मग बोअरिंगच्या हत्याराने ते वाढवत नेले. बाहेरचा व्यास बसायच्या भोकापेक्षा तीन शतांश जास्त ठेवायचा, म्हणजे बुश दाबून बसते. पण दाबले की आतले भोक किंचित आवळते. काकांनी ते आधीच सांगून ठेवले होते, म्हणून आतले माप १९.०५ ऐवजी १९.०७ केले. काम चकाजवळचे, आखूड. भिंतीवरच्या तक्त्यातील पहिली ओळ पाहून शेवटचा काप घेतला. चार तास लागले. सराईत माणसाला यातला एक तासही लागला नसता. बुश व्हाइसमध्ये दाबून बसवले, शाफ्ट तेल लावून आत घातली, ती बोटाने फिरली. बाबांनी पंप सुरू केला, थोडा वेळ कान देऊन ऐकला आणि बागेकडे निघून गेले. भंगारवाल्याचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. ठिबकच्या नळ्या माळ्यावर गेल्या, आणि आठवड्याने शेजारच्या बागेतील एक तुटकी पिन माझ्या टेबलावर आली.

कामे अजून पुष्कळ बाकी आहेत. वेग कमी करणाऱ्या बॅकगिअरचे दोन दात तुटलेले आहेत; तेथे पितळ भरून कानशीने नवे दात कोरायचे आहेत. १२७ दातांचा गिअर नाही. काकांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे हिवाळ्यात व्हायचे आहे. त्यानंतर बेडच्या कडेची राहिलेली झीज निळा रंग लावून खरवडणीने कशी काढतात ते दाखवण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

कोणाला लेथ पाहायचा असेल तर रविवारी सकाळी या. काकांचे नियम मात्र पाळावे लागतील. चपला नको, बूट हवेत. ओढणी, मफलर, सैल बाही, अंगठी, हातमोजे यांतले काही नको, कारण फिरत्या यंत्राने कापडाचे टोक पकडले की ते सोडत नाही. केस लांब असतील तर बांधून घ्यावेत. डोळ्यांवर चष्मा हवा. लोखंडाच्या वळ्या कितीही सुंदर निळ्या दिसल्या तरी हाताने उचलायच्या नाहीत. त्या ब्लेडसारख्या कापतात, त्यासाठी आकडा ठेवला आहे. आणि चकाची चावी कोणाच्याही हातात असो, ती चकातून काढून फळीवर ठेवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.